तूट कागदाची की बातमीची?

अमेरिकेतील इंडियाना राज्यात, ब्लूमिंग्टन या विद्यापीठनगरीत, विद्यार्थी १८६७ सालापासून एक वृत्तपत्र चालवीत आले आहेत. 'इंडियाना डेली स्टुडंट' हे त्याचे नाव. दुसऱ्या महायुद्धातील साध्या सैनिकाचे जिणे अमेरिकन वाचकाच्या घरी पोचविणारा वार्ताहर अर्नी पाइल एके काळी या पत्राचा संपादक होता. १९२३ साली पदवी न घेताच तो नोकरीवर निघून गेला आणि पुढे पत्रकारिता विभागाच्या इमारतीला विद्यापीठाने त्याचेच नाव दिले. अशा या पत्राच्या विद्यार्थी-माध्यम संचालकांना १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विद्यापीठाने बडतर्फ केले आणि पाठोपाठ छापील आवृत्तीही बंद केली.

निमित्त क्षुल्लक होते. माजी विद्यार्थ्यांच्या वार्षिक मेळाव्यासाठी अंक निघावयाचा होता. त्यात केवळ मेळाव्याची माहिती असावी, बातम्या मुळीच असू नयेत, असा आदेश आला. संचालकांनी तो अमलात आणण्यास नकार दिला. विद्यार्थी संपादकांनी या आदेशाला 'सेन्सॉरशिप' म्हटले. विद्यापीठाचे उत्तर आर्थिक होते : पत्र तोट्यात आहे, वाचक छापील कागदाकडून पडद्याकडे वळला आहे, तेव्हा पैसाही तिकडेच वळविला पाहिजे.

अर्थशास्त्राचा अध्यापक या नात्याने हा युक्तिवाद प्रस्तुत लेखकाला सहजासहजी झटकून टाकता येत नाही. तूट खरी होती. एके काळी हे पत्र जाहिरातींवर स्वतःचे पोट भरीत असे. गावातील खाणावळी, भाड्याच्या खोल्यांचे मालक, दुकानदार यांना विद्यार्थ्यांपर्यंत पोचण्याचा दुसरा मार्ग नव्हता. तो मार्ग गूगल आणि फेसबुक यांनी उघडून दिला आणि अमेरिकेत २००५ पासून तीन हजारांहून अधिक वृत्तपत्रे बंद पडली. विद्यार्थ्यांचे पत्र या लाटेतून कसे वाचणार? आठवड्यातून एकदा निघणारा अंक २०२५ च्या आरंभी वर्षातील मोजक्या विशेषांकांवर आला, तेव्हा कुरकुर झाली. पण तो निर्णय निदान हिशेबाच्या भाषेत समजण्यासारखा होता.

ऑक्टोबरचा आदेश मात्र हिशेबाच्या कोणत्याच भाषेत बसत नाही. छपाई महाग म्हणून अंकच काढू नका, असे सांगितले असते तर प्रश्न वेगळा होता. येथे अंक काढावयाचा होता, छापावयाचा होता, वाटावयाचाही होता. गाळावयाची होती ती फक्त बातमी. बातमीची चार पाने कमी झाल्याने वाचतो तो थोडासा कागद. विद्यार्थ्यांचे श्रम तर बहुधा नाममात्र मोबदल्यावरच चालतात. म्हणजे जी गोष्ट सर्वांत स्वस्त, तीच काटकसरीच्या नावाखाली कापण्यात आली. खर्च कमी करणाऱ्याची कात्री अशी चालत नाही.

मग ती कशी चालते, हे समजण्यासाठी अलीकडचा इतिहास पाहिला पाहिजे. एप्रिल २०२४ मध्ये या विद्यापीठाच्या आवारात गाझा युद्धाविरुद्ध निदर्शने झाली आणि पन्नासहून अधिक लोकांना अटक झाली. पुढल्या वर्षी राज्याच्या अर्थसंकल्पी कायद्यातच एक तरतूद घालून विश्वस्त मंडळावरील सर्व नेमणुका गव्हर्नरच्या हाती देण्यात आल्या; तोपर्यंत तीन विश्वस्त माजी विद्यार्थी निवडून देत असत. ज्या संस्थेची सूत्रे अशा रीतीने वरच्या बाजूस सरकतात, तेथे देणगीदार माजी विद्यार्थ्यांच्या हाती नेमक्या मेळाव्याच्या दिवशी कोणता कागद पडावा, याची चिंता कोणाला वाटली असेल, तर नवल नाही. हा अर्थात अनुमानाचा भाग झाला. परंतु आदेशाचे रूप पाहता तो टाळता येत नाही.

पत्रकारितेच्या शिक्षणात वृत्तपत्राचे स्थान काय, हा खरा प्रश्न आहे. मिसुरी विद्यापीठाने १९०८ साली पत्रकारितेचे विद्यालय काढले, तेव्हा वर्ग सुरू झाले त्याच दिवशी, १४ सप्टेंबरला, विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राचा पहिला अंक निघाला. संस्थापक अधिष्ठाता वॉल्टर विल्यम्स यांची कल्पना साधी होती. वैद्यकीय महाविद्यालयाला रुग्णालय जोडलेले असते, तसे येथे वृत्तपत्र. रुग्णालयाच्या खर्चाला कोणी 'तोटा' म्हणत नाही. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेने नफा दाखवावा, अशीही कोणाची अपेक्षा नसते. तो शिक्षणाचा खर्च असतो. याच मिसुरीत पुढे, एक बंडखोर पत्र आवारात वाटल्याबद्दल, पत्रकारितेच्याच एका पदव्युत्तर विद्यार्थिनीला काढून टाकण्यात आले. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती हकालपट्टी अवैध ठरविली. विद्यालय काढणारेही विद्येच्या फळाला भितात, असे दिसते!

विद्यापीठापासून आर्थिक फारकत घ्यावी, हा एक उपाय सुचविला जातो. त्याचीही परीक्षा याच राज्यात झाली. पर्ड्यू विद्यापीठातील विद्यार्थ्यांचे 'एक्स्पोनंट' ही स्वतंत्र, ना-नफा संस्था आहे. तरी जून २०२५ मध्ये विद्यापीठाने आवारात त्याचे अंक पोचविण्याचे काम थांबविले आणि नावात 'पर्ड्यू' वापरू नका, असे बजावले. स्वतंत्र पत्राला पगार कापण्याची भीती नाही, पण दार बंद होण्याची आहेच. फरक एवढाच की ब्लूमिंग्टनचा छापखाना थांबला, तेव्हा हेच पर्ड्यूचे विद्यार्थी खास अंक छापून, गाडीत घालून, ब्लूमिंग्टनला घेऊन गेले आणि तेथे वाटून आले. फुटबॉलच्या मैदानावर ही दोन विद्यापीठे एकमेकांची जुनी वैरी, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या प्रवासाचे मोल कळेल.

देशभर टीका झाल्यावर ३० ऑक्टोबरला विद्यापीठाने माघार घेतली. ठरलेल्या अंदाजपत्रकात राहून ३० जून २०२६ पर्यंत हवे तसे छापा, अशी मुभा संपादकांना मिळाली. संचालकांनी बडतर्फीविरुद्ध संघीय न्यायालयात दावा दाखल केला.

हे सारे लिहिताना स्वतःच्या विद्यार्थिदशेची आठवण होणे अपरिहार्य आहे. ज्या महाविद्यालयात मी शिकलो, तेथील वार्षिकांकाच्या संपादक मंडळावर मी होतो. वसतिगृहातील खाणावळीच्या ठेक्यावर एका मित्राने मेहनतीने लेख लिहिला होता. मुद्रितांपर्यंत तो होता. अंक हाती आला, तेव्हा त्या जागी स्नेहसंमेलनाची छायाचित्रे होती. कारण विचारले, तर 'पाने वाढत होती' असे उत्तर मिळाले. पाने तेवढीच होती. आम्ही ती मोजली होती. मात्र तसे सांगण्याचे धैर्य कोणालाच झाले नाही.

आपल्याकडील कित्येक महाविद्यालयांच्या फीच्या पावतीवर आजही 'नियतकालिक' अशी एक ओळ असते. रक्कम किरकोळ असते, म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही. पण विद्यार्थिसंख्येने तिला गुणले, की ती किरकोळ राहत नाही. ब्लूमिंग्टनच्या मुलांना निदान आपल्या पत्राची तूट किती, हे ठाऊक होते. आपल्या वार्षिकांकाच्या शेवटच्या पानावर त्याचा जमाखर्च छापावा, आणि कोणते लेख कोणाच्या सांगण्यावरून गाळले त्यांची यादीही त्याच पानावर द्यावी, एवढी मागणी विद्यार्थ्यांनी येत्या वर्षी करून पाहावी.