कोयत्याचा तुलनात्मक तक्ता

सरकारी खात्यात साधी खुर्ची घ्यायची झाली तरी तीन कोटेशनं मागवावी लागतात. मग आमच्यासारखा कारकून कागदावर रेघा मारून 'तुलनात्मक तक्ता' करतो. ज्याचा दर सगळ्यांत कमी तो 'एल-वन'. खुर्ची सहा महिन्यांत मोडली तरी कुणी विचारत नाही, कारण तक्ता बरोबर असतो. वीस वर्षं मी हे तक्ते करतो आहे. त्यामुळे गेल्या चवथीच्या आधी भाच्याने "मामा, हे बघ" म्हणून मोबाईल पुढे केला, तेव्हा मला पडद्यावरची गोष्ट लगेच ओळखू आली. रानात लाकूड तोडायला आणि फोडायला कुठला मोठा सुरा चांगला, याचा तो तक्ता होता. पात्याची लांबी, जाडी, वजन, पोलादाचा नंबर, मुठीचं रबर आणि शेवटी चांदण्या. सगळे रकाने भरलेले होते. झाड कुठलं, हा रकाना मात्र नव्हता.

माझं भांडण या न भरलेल्या रकान्याशी आहे.

भाच्याने त्यातला चार चांदण्यांचा एक सुरा 3,200 रुपये मोजून मागवला. काळं पातं, पाठीवर करवतीसारखे दाते, पोकळ मूठ आणि मुठीत होकायंत्र. आमच्या भाटात वाट चुकायला जागा नाही, तरी होकायंत्र! पावसात काजूची एक फांदी पडली होती. तिचा ओंडका उभा करून त्याने पातं वर टेकवलं आणि दांडक्याने पाठीवर ठोकायला सुरुवात केली. व्हिडिओत तसंच दाखवलं होतं म्हणे. चौथ्या ठोक्याला मूठ हातात राहिली आणि पातं उडालं. माझी आई मागच्या दारी नारळ सोलत बसली होती. तिच्या पायापासून हातभर अंतरावर ते चिखलात रुतलं. आई काही बोलली नाही. भाचा पांढराफटक पडला होता.

दुसऱ्या दिवशी ते तुकडे घेऊन मी गावातल्या लोहाराकडे गेलो. त्याने मूठ उलटी करून आत पाहिलं आणि म्हणाला, "लोखंड बरें आसा भाऊ, पूण मूठ फटींग." पात्याचं पोलाद मुठीत शिरताना एकदम बारीक होऊन पेन्सिलीएवढं झालं होतं, आणि तेवढ्यावर नट आवळलेला. 1982 साली 'फर्स्ट ब्लड' सिनेमात रॅम्बोच्या हातात पोकळ मुठीचा सुरा आला आणि तेव्हापासून जगभर त्याच्या स्वस्त नकला निघाल्या. सिनेमातला सुरा जिमी लाईल नावाच्या अमेरिकन कारागिराने हाताने बनवला होता. नकला करणाऱ्यांनी त्याची पोकळ मूठ तेवढी घेतली. पाठीवरच्या दात्यांचंही तेच. करवतीचे दाते आळीपाळीने डावी-उजवीकडे फाकवलेले असतात, म्हणून ती लाकडात अडकत नाही. या सुऱ्याचे दाते सरळ. ते कापत तर नाहीतच, वर ठोकताना दांडक्याचे तुकडे काढतात.

"म्हणजे तुमचा कोयता तेवढा चांगला आणि बाहेरचं सगळं टाकाऊ!" असं कुणी म्हणेल. तसं मुळीच नाही. उलट बाहेरच्या हत्यारांकडे नीट पाहिलं की माझाच मुद्दा पक्का होतो.

मॅचेटी घ्या. पोर्तुगीज भाषेत तिला 'कताना' म्हणतात. पोर्तुगीजांनी हा शब्द जपानी तलवारीवरून उचलला. आपल्यासारखीच पोर्तुगीज अमदानी भोगलेल्या अंगोलाने 1975 साली स्वतंत्र झाल्यावर हीच कताना आपल्या झेंड्यावर घेतली. शेतकऱ्याची खूण म्हणून. तिचं पातं लांब, हातभर, आणि जाडीला जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. ऊस, गवत, ओल्या वेली यांच्यासाठी तेच हवं, कारण तिथे वजनापेक्षा वेग काम करतो. पोलाद मुद्दाम थोडं नरम ठेवतात. दगडावर आपटलं तर धार वाकते, तुकडा उडत नाही, आणि शेतातच कानस मारून परत लावता येते. हिने काजूचा ओंडका फोडायला गेलात तर चूक तुमची, मॅचेटीची नाही.

मलेशिया-इंडोनेशियातल्या पारंगचं पातं त्याहून आखूड, जाड आणि पुढे जड. तिथल्या रानात वेलींपेक्षा लाकूड जास्त तोडावं लागतं, म्हणून. नेपाळची खुकरी तर पाठीला आठ-दहा मिलिमीटर जाड असते आणि मधेच पुढे वाकते. वजन टोकाकडे गेल्यामुळे छोट्या पात्याचा घाव कुऱ्हाडीसारखा बसतो. तिथले कामी लोक, म्हणजे लोहारच, ट्रकच्या कमानपाट्यापासून ती घडवतात. लाल झालेल्या पात्याच्या धारेवर किटलीने पाणी ओततात. धार कडक होते, पाठ चिवट राहते. अख्खं पातं पाण्यात बुडवलं तर सगळंच कडक होईल आणि घावाला तुटेल.

आता आपला कोयता. त्याचं पोलादही तेच, गाडीचा पाटा. त्यात कार्बन साधारण अर्धा ते 0.6 टक्के असतो. धार धरण्याइतका पुरेसा आणि तुटू नये इतका कमी. टोक आत वळलेलं, त्यामुळे चुडताचा देठ घावाखालून निसटत नाही, फांदी ओढून घेता येते आणि चिऱ्यांच्या गडग्यापाशी काम करताना धार आधी दगडाला लागत नाही. पाडेली तो कमरेमागे आकडीत अडकवून माडावर चढतो, म्हणजे दोन्ही हात मोकळे. रेंदेराची काती याहून वेगळी, पातळ आणि वस्तऱ्यासारखी, कारण त्याला माडाची पोय रोज जराशीच तासायची असते. एकाच माडावर चढणारी दोन माणसं, पण त्यांची हत्यारं दोन.

आणि लाकूड फोडायचं काय? इथे तर सगळे तक्ते गोंधळ करतात. तोडणं म्हणजे लाकडाचे तंतू आडवे कापणं, त्याला पातळ धार लागते. फोडणं म्हणजे तंतू उभे फाकवणं, त्याला पाचरीसारखी जाडी लागते. एका पात्याला दोन्ही कामं सारखीच उत्तम जमणं कठीण. खुकरीला दोन्ही थोडी थोडी जमतात, म्हणून ती डोंगरात पाठीवर ओझं घेऊन चालणाऱ्याच्या कामाची. घरी आपण काय करतो? कोयत्याने फाटे साळतो, कुऱ्हाडीने ओंडका फोडतो आणि गाठ आली तर पाचर ठोकतो. ज्याच्या पडवीत तिन्ही आहेत त्याला 'सगळं करणारा' सुरा कशाला हवा?

सांगायचं ते एवढंच. यातल्या प्रत्येक चांगल्या हत्याराला गाव आहे. समोर ठरावीक झाड आहे, ते तोडणारा माणूस आहे आणि त्या माणसाची तक्रार ऐकून पुढच्या वेळी वाक बदलणारा लोहार आहे. भाच्याच्या सुऱ्याला गावच नव्हतं. तो कुठल्याच झाडासाठी बनवला नव्हता, तो तक्त्यासाठी बनवला होता.

गंमत अशी की हा प्रश्न आपल्या कायद्याला सुचला आहे. 1959 चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे नियम नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचा सुरा शस्त्रांत मोजतात, पण घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेला सुरा त्यातून वगळतात. म्हणजे पट्टी लावून झाल्यावर कायदासुद्धा विचारतो, हे कशासाठी केलं आहे? सरकारी भाषेत इतका शहाणा प्रश्न मी क्वचितच वाचला आहे. आणि आपण 3,200 रुपये देताना तो विचारत नाही!

आता स्वतःचं सांगतो, नाहीतर हा सगळा दुसऱ्यांना शहाणपणा शिकवण्याचा प्रकार होईल. भाच्याला मी खूप बोललो. पण त्याच लोहाराने त्याआधीच्या वर्षी आमचा कोयता तापवून, ठोकून, धारेला पाणी देऊन 60 रुपये मागितले होते, तेव्हा मी घासाघीस करून 40 दिले होते. ऑफिसातली एल-वनची सवय भट्टीपर्यंत पोचली होती. त्या दिवशी तुटका सुरा घेऊन गेलो तेव्हा भट्टी थंड होती. हल्ली पावसाच्या आधी महिनाभर आणि एरवी कुणी आलं तर, एवढीच पेटते. मुलगा वेर्ण्याला कंपनीत आहे. "त्याला नको म्हटलं मीच," लोहार म्हणाला. "चाळीस रुपयांत कोळसासुद्धा येत नाही भाऊ." मला उद्देशून म्हणाला की सहज, कळलं नाही. मी खाली बघत राहिलो.

आपल्यातले पुष्कळ जण आता बागायतदार उरले आहेत ते फक्त एकचवदाच्या उताऱ्यावर. रविवारी भाटात जातो, फोटो काढतो, पाडेली मिळत नाही म्हणून कुरकुरतो. कोयता म्हणायचं की कोयतो यावर तासभर भांडू शकतो, पण तो घडवणारा गावात आहे की गेला, हे शेजाऱ्याला विचारावं लागतं. उद्या भट्टी कायमची विझली की बाणावलीच्या 'गोवा चित्रा' संग्रहालयात जुनी अवजारं बघून हळहळू. ते संग्रहालय उभं केलं हे फार मोठं काम झालं. पण तिथल्या कोयत्याने कुणी चुडत तोडत नाही, आणि त्याची धार गेली तर लावायला संग्रहालय लोहार देत नाही.

भाच्याला मी नवा सुरा घेऊन दिला नाही. लोहाराकडे नेलं. लोहाराने त्याचा हात हातात घेऊन पंजा मोजला, डावखुरा का ते विचारलं आणि मग म्हणाला, "झाडां खंयचीं तुमगेलीं?" तक्त्यात नसलेला रकाना त्याने पहिल्या दोन मिनिटांत भरला. कोयत्याचे 700 रुपये सांगितले. मी सवयीने तोंड उघडलं होतं, पण भाच्याने आधीच पैसे काढून दिले.

घरी एखादा गंजलेला कोयता पडून असेल तर पावसाच्या आधी भट्टीवर न्या. आणि तो सांगेल तेवढे द्या.