मूळव्याध ठरवायची कोणी?

संडासला रक्त पडलं की मूळव्याध, आणि कंबर धरली की भातलावणी. मुळशी तालुक्यात ही दोन निदानं घरातच होऊन जातात. शेजारच्या काकू सुरण खायला सांगतात, मेडिकलवाला गोळ्यांची पट्टी देतो, आणि पौड रस्त्यावरून जाताना ‘विनाऑपरेशन खात्रीशीर इलाज’ असा फलक दिसतोच. या सगळ्यात रक्त नेमकं कुठून येतंय, हे कोणीच पाहिलेलं नसतं. माझी तक्रार तेवढ्यापुरतीच आहे. मूळव्याध हे तपासणीनंतर सांगायचं नाव आहे, त्याआधीचं नाही.

बहुतेकांना खरोखरच मूळव्याध किंवा फिशर असतं, हे आधी सांगायला हवं. शौचानंतर लालभडक रक्ताचे थेंब टपकतात आणि दुखत मात्र नाही, तेव्हा मूळव्याधीची शक्यता जास्त. खडा होऊन भेग, म्हणजे फिशर, पडली असेल तर शौचाच्या वेळी काचेने कापल्यासारखं दुखतं आणि आग तासभर राहते. पाणी, पालेभाजी, ताक, इसबगोल आणि कुंथणं थांबवणं एवढ्यावर पुष्कळ जणांना आराम पडतो. पण रक्त शौचात मिसळून येत असेल, सोबत शेंबडासारखा चिकट पदार्थ पडत असेल, नुकतंच जाऊन आल्यावरही पोट साफ झाल्यासारखं वाटत नसेल, वर्षानुवर्षांची वेळ आणि सवय अचानक बदलली असेल किंवा वजन उतरत असेल, तर गोष्ट वेगळी आहे. आव, आतड्याची सूज, मोडासारखी गाठ (पॉलिप), कर्करोग, यांतलं काहीही असू शकतं. आणि मूळव्याध असलेल्या माणसालाही आत दुसरी गाठ असू शकते. बाहेर कोंब दिसला म्हणून शोध तिथे संपत नाही.

आता कंबर. ताम्हिणीच्या बाजूच्या गावांत पाऊस लागला की बायका दिवसदिवस चिखलात वाकून भाताची रोपं लावतात. तिकडे हिंजवडी-माणला पोरं दहा-दहा तास खुर्चीत असतात, पिरंगुटच्या कारखान्यांत ओझी उचलली जातात. त्यांची कंबर दुखली तर नवल नाही. बहुतेकदा ती स्नायूंची आणि मणक्याची कटकट असते, काही आठवड्यांत उतरते.

रक्त आणि कंबरदुखी एकाच माणसाला असली, तरी बऱ्याचदा दोन्हींचा एकमेकांशी संबंध नसतो. साध्या मूळव्याधीने कंबर दुखत नाही. पण संबंध असतो तेव्हा तो ओळखावा लागतो. सगळ्यात दुर्लक्षित धागा गोळ्यांचा आहे. कंबरेसाठी डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामक औषधं लोक महिनोन्महिने घेतात, कोणाला न विचारता, अनेकदा रिकाम्या पोटी. ही औषधं जठर आणि आतड्याचं अस्तर सोलतात. वरून रक्त गेलं तर शौच डांबरासारखं काळं, चिकट आणि घाण वासाचं होतं. (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळपट होतं, तेव्हा डॉक्टरांना गोळ्यांची पट्टीच दाखवावी.)

दुसरा धागा तरुणांचा. विशी-तिशीतला मुलगा पहाटे ताठलेली कंबर घेऊन उठतो, हालचाल केली की मोकळा होतो, आराम केला की पुन्हा आखडतो. ओझ्याने दुखावलेली कंबर याच्या उलट वागते. हा माकडहाडाच्या वरच्या सांध्यांचा दाह असू शकतो, आणि त्याच्यासोबत आतड्याची सूज व रक्त पडणं काहींना होतं. आयटीतल्या पोराच्या खुर्चीला दोष देऊन हा आजार वर्षानुवर्षं निसटतो. बायकांच्या बाबतीत पाळीच्या दिवसांतच कंबर दुखून शौचातून रक्त जात असेल, तर ते स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगायलाच हवं. शेवटचा धागा मलाशयाच्या कर्करोगाचा. तो फार वाढून मागच्या त्रिकास्थीपर्यंत पोहोचला की कंबर दुखू लागते. म्हणजे तोवर उशीर झालेला असतो. सुरुवातीला मात्र नुसतं रक्त पडतं आणि माणूस ते अंगावर काढतो.

हा म्हाताऱ्यांचा आजार, असंही आता म्हणता येत नाही. अमेरिकन अभिनेता चॅडविक बोझमन 2020 साली आतड्याच्या कर्करोगाने गेला, तेव्हा तो 43 वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी तिथल्या तज्ज्ञ मंडळाने तपासणीचं वय 50 वरून 45 वर आणलं. आपल्या सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाची तपासणी आहे, मोठ्या आतड्याची नाही. म्हणून इथे रुग्णाने स्वतः बोलण्याला पर्याय नाही.

आणि इथेच लाज आडवी येते. गुदद्वारात बोट घालून केलेली तपासणी एक-दोन मिनिटांची. त्यासाठी हातमोजा आणि जेली पुरते, यंत्र लागत नाही. मलाशयाच्या खालच्या भागातल्या गाठी बोटाला लागतात. तरीही कित्येक दवाखान्यांत ती होत नाही, कारण रुग्ण संकोचतो आणि डॉक्टरही घाई करतात. मलम लिहून दिलं जातं. बाई असेल तर ती तक्रारच सांगत नाही, नुसता थकवा सांगते. हिमोग्लोबिन कमी निघालं की लोहाच्या गोळ्या मिळतात, पण रक्त कुठे गेलं हा प्रश्न राहूनच जातो. पन्नाशीच्या पुरुषाचं हिमोग्लोबिन विनाकारण उतरलं असेल, तर हा प्रश्न विचारल्याशिवाय डॉक्टरांनी त्याला सोडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

रक्त पुष्कळ जात असेल, चक्कर येत असेल, शौच डांबरासारखं असेल, किंवा कंबरदुखीसोबत बसायच्या जागेला बधिरपणा आला, लघवी अडली वा शौचावरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. लावणी उरकू द्या, रविवार येऊ द्या, असं म्हणू नका.

बाकीच्यांनी पौडच्या ग्रामीण रुग्णालयात जा किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा, पण तिथे तीन गोष्टी सांगा: रक्त कधीपासून पडतं, कोणत्या गोळ्या चालू आहेत, आणि घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झाला होता का. मग म्हणा, “डॉक्टर, तपासून सांगा.” बाईमाणसाने सोबत नर्स मागावी, तो तिचा हक्क आहे. तपासणीनंतर दुर्बिणीने आतडं पाहायची गरज सांगितली तर ससून रुग्णालयाची चिठ्ठी घ्या आणि जा.