न दिसणाऱ्या श्रमाचे दाम

‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी आपल्याकडील बाजारपेठांना नवी नाही. लातूरच्या गंजगोलाईत काय किंवा नांदेडच्या वजिराबादेत काय, व्यापाऱ्याला उधारीचे दुखणे कुणी समजावून सांगण्याची गरज नाही. मग त्याच बाजारात दुकानाचे, दवाखान्याचे किंवा शिकवणी वर्गाचे संकेतस्थळ तयार करून देणाऱ्या तरुणाला ‘पुढच्या महिन्यात बघू’ हे उत्तर सहा-सहा महिने का ऐकावे लागते?

मित्रहो, हा प्रश्न केवळ संगणकशास्त्र शिकणाऱ्यांचा राहिलेला नाही. कला शाखेत शिकता शिकता स्वतःच्या हिमतीवर हे कसब मिळवणारे आपल्यातही आहेत. खोलीचे भाडे आणि खाणावळीचे पैसे भागावेत, एवढीच त्यांची अपेक्षा. ती पुरी होत नाही, याचे कारण काय?

पहिले कारण असे की, हे श्रम डोळ्यांना दिसत नाहीत. सुताराने केलेले कपाट दिसते, गवंड्याने बांधलेली भिंत दिसते. ‘बटणे दाबायला कसले आले पैसे?’ असे सहज म्हटले जाते. वास्तविक मजकूर लिहिणे, छायाचित्रे नीट करणे, मोबाइलच्या छोट्या पडद्यावर सारे बसवणे आणि ग्राहकाने दहादा सुचवलेल्या दुरुस्त्या करणे यात रात्रीच्या रात्री जातात. शिवाय संकेतस्थळाच्या नावाची नोंदणी आणि सर्व्हरचे भाडे पुष्कळदा हाच पोरगा पदरचे पैसे घालून भरतो. म्हणजे नुसती मजुरीच बुडत नाही, भांडवलही बुडते!

दुसरे कारण आपला भिडस्तपणा. काम ओळखीतून येते. ‘घरचाच मुलगा आहे’ असे म्हटले की व्यवहाराचे बोलणे अप्रशस्त वाटू लागते. परंतु लग्नातला बँडवाला इसार घेतल्यावाचून तारीख धरत नाही, मंडपवालाही धरत नाही. त्यांना कोणी उद्धट म्हणत नाही. इसार ही आपल्याच मातीतली रीत आहे. ती या नव्या कारागिरांनीच का सोडावी? कामाआधी तिसरा हिस्सा, नमुना पसंत पडल्यावर तिसरा, आणि उरलेला हिस्सा संकेतस्थळ ग्राहकाच्या हाती देण्यापूर्वी, एवढे साध्या कागदावर लिहून सही घेतली तरी निम्मी भांडणे मिटतील. दुरुस्त्या किती वेळा करायच्या, हेही त्यातच लिहावे.

कायदाही अगदीच परका नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगांचे देणे करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे लागते. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. एकट्याने काम करणाऱ्यालाही ‘उद्यम’ नोंदणी विनाशुल्क करता येते. मात्र ती काम घेण्याआधी केलेली असावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे स्वतंत्रपणे काम करणाऱ्याने लिहिलेल्या संगणक आज्ञावलीचा पहिला हक्क सामान्यतः त्याचाच असतो. लेखी करून दिल्याखेरीज ती मालकी ग्राहकाकडे जात नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. पैसे बुडाले म्हणून जुना पासवर्ड वापरून ग्राहकाच्या ताब्यातील संकेतस्थळ बंद पाडणे हा काही मर्दपणा नव्हे. परवानगीवाचून दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरणे २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने आपल्याच अंगाशी येते. हक्काचे मागणे घेऊन गेलेला माणूस तेथे आरोपी होऊन बसतो.

कायदा असला, तरी पाच हजारांसाठी दाव्याच्या खेपा घालणे गरिबाच्या पोराला परवडत नाही, हेही तितकेच खरे. म्हणून खरा उपाय समाजाच्या दृष्टीत आहे. महाविद्यालयांनीही या बाबतीत आत्मपरीक्षण करावे. संमेलनाचे किंवा चर्चासत्राचे संकेतस्थळ ‘विद्यार्थीच करील’ म्हणून फुकट करून घ्यायचे आणि व्यासपीठावर श्रमप्रतिष्ठेवर व्याख्यान ठेवायचे, ही विसंगती नव्हे काय? गुरुजनांनी पहिला मोबदला आपल्या संस्थेतून दिला, तर विद्यार्थी बाहेरही ताठ मानेने मोबदला मागू शकेल. दाम मागणे हा लोभ नव्हे, आपल्या श्रमाचा तो मान आहे. तो आपणच राखला नाही, तर बाजार तो कशाला राखील?