बी म्हणजे रिकामी डबी नव्हे

लातूर-नांदेडकडे पेरणीआधी सोयाबीनला बुरशीनाशक चोळायचं, मग रायझोबियम, असा क्रम सांगितला जातो. जणू बी म्हणजे रिकामी डबी, चांगलं ते सगळं बाहेरूनच भरायचं! बियांच्या आतही जिवाणू असतात. काही तर मातृझाडाकडूनच येतात. 2021 मध्ये चिनी संशोधकांनी 'नेचर प्लांट्स'मध्ये दाखवलं, की भाताच्या बियांतला स्फिंगोमोनास मेलोनिस अँथ्रानिलिक आम्ल सोडून रोगकारक जिवाणूला लंगडं करतो, आणि पुढच्या पिढीच्या बियांतही उतरतो. वाण एकच, पण हा जिवाणू असेल तिथे रोप तगतं.

भात आमचं मुख्य पीक नाही, मान्य. पण सोयाबीन स्वपरागी आहे, घरचं बियाणं इथे आजही राखलं जातं. त्यात काय राहतं, हे आधी पाहायला नको? कुजकं बियाणं असेल तर औषध लावा, वाद नाही. पण सरसकट? ट्रायकोडर्मा तर स्वतःच बुरशी. कार्बेन्डाझिम लावलेल्या बियाण्याला तीच चोळणं म्हणजे पाहुण्याला जेवायला बोलावून ताटात विष वाढणं. प्रमाणित सोयाबीनच्या पिशवीवर किमान 70 टक्के उगवणीची हमी असते. आतल्या सोबत्यांबद्दल त्या लेबलावर एक अक्षर नाही, आणि ते मागणारंही कुणी नाही.