सायकलीला गल्ली द्या
(माझे मत – इयत्ता 4 थी)



आपली शाळा चौथीपर्यंत आहे. म्हणजे येत्या जूनमध्ये आम्ही सगळे मोठ्या शाळेत जाणार. तिथे पुष्कळ मुले सायकलने जातात. म्हणून यावेळी मी सायकलीच्या रस्त्याविषयी लिहीत आहे.

मी उन्हाळ्यात सायकल शिकलो. आधी कैची मारत होतो, आता सीटवर बसतो. पाय थोडे कमी पुरतात. आजी रोज म्हणते, "सडकीवर नोको जाऊ बापू." पण मोठी शाळा सडकेपलीकडे आहे, तर जायचे कुठून?

सडकेवर एस.टी. असते, रेतीचे ट्रक असतात, मोटारसायकली तर मोजता येत नाहीत. धान निघाले की ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून जातात. मागून हॉर्न वाजला की सायकलवाल्याने खाली उतरावे, असा जणू नियमच झाला आहे. पण उतरायला जागा नाही. सिमेंटचा रस्ता उंच आहे आणि कडेचा मुरूम पावसात वाहून गेला आहे. चाक एकदा कडेवरून घसरले की सावरत नाही.

माझी ताई अशीच पडली. तिला धक्का कोणीच दिला नाही. ती फक्त ट्रॉलीला जागा द्यायला बाजूला झाली. हाताला प्लास्टर लागले. ट्रॉलीवाल्याने मागे वळूनही पाहिले नाही. त्याचे नाव मला माहीत आहे, पण भिंतीवर लिहू नको असे बाईंनी सांगितले आहे. बाबा म्हणाले, "आता सायकल बंद." ताई खूप रडली. हाताच्या दुखण्यापेक्षा ती यालाच जास्त रडली.

मानव विकास कार्यक्रमातून 8 वी ते 12 वीच्या गरजू मुलींना शासन सायकल देते. ही चांगली गोष्ट आहे. पण सायकल दिली आणि चालवायला जागा दिली नाही, तर ती घरी भिंतीला टेकून राहते. आमच्या घरची तशीच टेकून आहे.

रविवारी मी व माझ्या दोन मित्रांनी घरापासून पावले मोजली. सडकेने कमी पावले होतात, मागच्या गल्लीने 170 जास्त. गल्लीने गेले तर सडक एकदाच ओलांडावी लागते, आणि तीही दोन्हीकडचे दूरवर दिसते अशा ठिकाणी. एवढ्यासाठी 170 पावले जास्त चालतील. पण गल्लीत एका ठिकाणी नाली उघडी आहे, तिच्यावर फरशी पाहिजे. कोणाची गिट्टी, कोणाची तणस वाटेतच पडलेली असते. कुत्रेही आहेत, त्यांचे काय करावे ते मला सुचले नाही. सडक ओलांडायच्या ठिकाणी एक गतिरोधक पाहिजे, पण पांढरे पट्टे मारलेला. नाहीतर अंधारात सायकलवालाच आधी पडेल.

काही लोक म्हणतात, गल्ली सर्वांची आहे, पोरांसाठी सामान कोठे हलवायचे? मी हे आबाजीला विचारले. आबाजी कोष्टी, हातमागावर काम केलेला. तो म्हणाला, पूर्वी सकाळी आमच्या गल्लीत ताणा पसरलेला असायचा. तेव्हा बंडीवाला बैल थांबवायचा आणि दुसऱ्या गल्लीने वळसा घालून जायचा. सूत तुटू नये म्हणून. कोणी भांडत नव्हते. आपले आंधळगाव लुगड्यांसाठी प्रसिद्ध आहे, ते अशानेच झाले असेल. मला वाटते, सुतासाठी बंडी थांबत होती तर पोरांसाठी ट्रॅक्टर हळू का जाऊ नये?

बाईंनी एक खरी गोष्ट सांगितली. नेदरलँड्स देशात आज खूप लोक सायकल चालवतात. पण 1971 साली तिथे रस्त्यावरच्या अपघातांत सुमारे 3,300 माणसे मेली, त्यांत 400 हून जास्त मुले होती. मग आईवडील रस्त्यावर आले. 1972 साली आम्स्टरडॅमच्या द पाइप वस्तीतल्या शाळेच्या मुलांनीसुद्धा मागणी केली, की आमच्या गल्लीतल्या मोटारी कमी करा, आम्हाला खेळायला जागा नाही. सायकलीचे वेगळे रस्ते तिथे त्यानंतर खूप वाढले.

आमचीही चूक होते, ते लिहिले पाहिजे. आपण तिघे-तिघे बाजूबाजूने गोष्टी करत जातो. डबल सीट बसतो, मी पण बसलो आहे. एकामागे एक, डाव्या बाजूने जावे. मागच्या मडगार्डला लाल रिफ्लेक्टर लावावा.

26 जानेवारीला ग्रामसभा असते. नालीवरची फरशी आणि गतिरोधक, या दोन गोष्टी तिथे मांडायच्या आहेत. मुलांचे कोण ऐकते असे मित्र म्हणतो, म्हणून मोठ्यांच्या सह्या पाहिजेत. या पानाखाली कोरा कागद चिकटवला आहे. पेन सुतळीने खिळ्याला बांधला आहे. ताईने पहिली सही केली आहे, डाव्या हाताने.