वेळूचे भाग्य

गोकुळाष्टमीच्या मध्यरात्री घरोघरी पाळणा हलतो, तेव्हा बाळकृष्णाशेजारी एक लहानशी बासरी आवर्जून ठेवली जाते. वेळूच्या कांडीला हे भाग्य लाभले, ते तिच्यात ‘मी’पण उरले नाही म्हणून, असे आपले कीर्तनकार सांगत आले आहेत. त्याच वेळूची, परधर्मीयांच्या प्रार्थनामंदिरातील कथा आज आठवावीशी वाटते.

फिलिपाईन्समध्ये मनिलाजवळ लास पिन्यास येथे संत जोसेफचे चर्च आहे. तेथील स्पॅनिश धर्मगुरू दिएगो सेरा यांनी १८१६ साली नळ्यांचा ऑर्गन बांधावयास घेतला. युरोपात अशा नळ्या कथिल-शिशाच्या वा लाकडाच्या असतात. सेरा यांनी भोवतालचा वेळू निवडला. कीड लागू नये म्हणून तो समुद्रकाठच्या वाळूत पुरून ठेवला, असे सांगतात. १८२४ साली वाद्य पूर्ण झाले. त्याच्या १०३१ नळ्यांपैकी ९०२ वेळूच्या आहेत. आपल्या नाट्यपदांच्या साथीचा ऑर्गन पितळी पट्ट्यांवर बोलतो. येथे प्रत्येक नळी म्हणजे एकाच सुराला वाहिलेली बासरी. भात्याचा वारा शिरताच तीतून मऊ, गोड नाद उमटतो. तुतारीसारखी ललकारी तेवढी धातूच्या नळ्यांची.

भूकंप व वादळे यांनी हे वाद्य पुढे जायबंदी झाले. त्याला निवृत्त करून नवे आणणे सोपे होते. पण तसे झाले नाही. १९७३ साली ते जर्मनीत बॉन येथील कारागिरांकडे गेले आणि १९७५ साली दुरुस्त होऊन परतले. आजही ते उपासनेत वाजते.

आपल्याकडे मात्र अनेक देवळांत आरतीच्या वेळी बटण दाबताच नगारा, झांज व घंटा आपोआप वाजू लागतात. वाजविणारी माणसे मिळत नाहीत, ही अडचण खरी आहे; खेड्यातील एकट्या पुजाऱ्यास दोष देणे अन्यायाचे होईल. परंतु यंत्राला थकवा नाही, तसा भावही नाही. तेथे नाद होतो, सेवा घडत नाही. मृदंगाला नवी शाई भरणे, फाटलेला नगारा मढविणे, गावातील एखाद्या मुलास सनई शिकविणे, हे रोषणाईच्या खर्चातून थोडे बाजूला काढले तरी होण्याजोगे आहे.

परदेशातील भाविकांनी वेळूचा मान राखला. ज्यांच्या देवाच्या ओठीच वेळू आहे, त्यांनी यंदा दहीकाल्यापूर्वी देवळाच्या अडगळीची खोली एकदा उघडून पाहावी.