ऑन, इन, ॲट आणि आमचे साहेब

इंग्रजीशी माझं वैर नाही. बँकेत बसणाऱ्याला ते परवडतही नाही. माझं वैर आहे ते तिच्या प्रिपोझिशन्सशी आणि त्याहूनही अधिक, त्या चुकल्या की गालातल्या गालात हसणाऱ्यांशी.

आमच्या शाखेतल्या शिपाईमामांनी रजेच्या अर्जात 'सफरिंग बाय फीव्हर' असं लिहिलं. तापाने आजारी, 'ने' म्हणजे 'बाय'. शाळेत हेच तर शिकवलं होतं! पण साहेबांनी 'बाय'भोवती लाल वर्तुळ काढलं, चार टेबलांना ऐकू जाईल असं वाचून दाखवलं आणि अर्ज परत केला. अंगात ताप असलेले मामा माझ्या टेबलाच्या कडेला बसून पुन्हा पहिल्यापासून लिहू लागले.

आता साहेबांनीच सांगावं. मोटारीत बसलं तर 'इन', बसमध्ये बसलं तर 'ऑन'. (आमच्या सकाळच्या बसची गर्दी पाहता टपावर बसणंच त्यांना अभिप्रेत असावं.) सकाळी 'इन', रात्री 'ॲट', सोमवारी 'ऑन', आणि सोमवारी सकाळी म्हटलं की 'इन' गेलं कुठे, पुन्हा 'ऑन'च! 'टॉक'ला 'अबाउट' लागतं, 'डिस्कशन'ला चालतं, 'डिस्कस'ला लावलं की माणूस अडाणी. लग्न आपण बायको'शी' करतो म्हणून 'मॅरीड विथ' म्हणावं, तर तिथे 'टू'. गाय खुंट्याला बांधतात ना, तसं. (हे एक मात्र मला अनुभवाने पटलं आहे.)

बरं, खुद्द गोऱ्यांचं तरी एकमत आहे? वीकेंडला इंग्रज 'ॲट' लावतो, अमेरिकन 'ऑन'. त्यांच्याभोवती कोणी वर्तुळं काढत नाही. ती आमच्या मामांसाठी राखीव!

प्रिपोझिशनला काही किंमतच नाही, असं मी म्हणत नाही. चेक कोणी काढला ते 'बाय', कोणत्या बँकेवर काढला ते 'ऑन', पैसे कोणाला द्यायचे ते 'टू'. इथे घोळ झाला तर पैसे भलत्याच्याच घरी जायचे. तिथे मीही लाल पेन उघडून बसतो. पण ताप 'बाय' आला काय नि 'फ्रॉम' आला काय, थर्मामीटरचा पारा तेवढाच चढतो.

परवा माझ्याच एका फाइलवर साहेबांचा शेरा आला : 'प्लीज डिस्कस अबाउट धिस.' लाल पेन खिशातच होतं. मी मुकाट्याने केबिनमध्ये गेलो आणि 'डिस्कस अबाउट' करून आलो.

मामा मात्र तेव्हापासून सगळे अर्ज माझ्याकडूनच लिहून घेतात.